दुकानातून आणलेला तळातला मासाच आधी का मरतो?

रविवारी संध्याकाळी तळाशी राहणाऱ्या माशांपैकी चार-सहा कोरी, एखादा सकर किंवा दोन-तीन लोच आणायचे, सोमवारी सकाळी त्यांतला एक वाळूवर आडवा पडलेला सापडायचा, बुधवारपर्यंत उरलेलेही जायचे, आणि त्याच टँकमधले गप्पी, मॉली, टेट्रा मात्र काही झालेच नाही अशा थाटात पोहत राहायचे, ही तक्रार मी इतक्या घरांत ऐकली आहे की फोनवरचे पहिले वाक्यसुद्धा आता पाठ झाले आहे : "बाकीचे मासे ठणठणीत आहेत, म्हणजे पाणी चांगलेच असणार." बहुतेक वेळा चूक नेमकी या वाक्यात असते. जुने मासे महिनोन्‌महिने हळूहळू बिघडत गेलेल्या पाण्याला सरावलेले असतात, तर नवा मासा त्याच पाण्यात एका संध्याकाळी उतरतो. त्यातही तळाशी राहणाऱ्या माशाची वाटणी वाईट असते, कारण उरलेले खाणे, विष्ठा, न विरघळलेले मीठ, प्राणवायू कमी असलेले पाणी असे जे जे खाली साचते त्यातच त्याला दिवसरात्र तोंड खुपसून राहावे लागते.

दुकानदाराला विचारले की "हा मासा नाजूकच असतो" असे उत्तर मिळते आणि आपण दुसरी जोडी घेऊन येतो. माझी पहिली विनंती अशी की कारण सापडेपर्यंत दुसरी जोडी आणू नये.

लक्षणे, आणि ती किती दिवसांनी दिसली

लक्षणे मी घड्याळावरून मांडतो. मासा टँकमध्ये सोडल्यापासून मरेपर्यंत किती वेळ गेला, यावरून निम्मे निदान होते.

मासा पहिल्या चोवीस तासांत गेला असेल, तर मरण्याआधी तो बहुधा टँकभर सुसाट पळालेला असतो, काचेवर आपटलेला असतो, किंवा एका कुशीवर पडून कल्ले भराभर हलवत राहिलेला असतो. अंगावर डाग किंवा जखम नसते, फक्त रंग फिका पडलेला असतो. अशा वेळी कारण प्रवासात, क्लोरीनमध्ये, तापमानाच्या किंवा सामूच्या (पीएचच्या) धक्क्यात, नाहीतर खोलीत फवारलेल्या एखाद्या औषधात शोधावे. रोग सहसा इतक्या घाईने मारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभरात मासे एकेक करून जात असतील, पोटाखाली तांबूस चट्टे दिसत असतील, मिशा झिजून आखूड झाल्या असतील, कल्ले लाल किंवा तपकिरी दिसत असतील, तर अमोनिया, नायट्राइट आणि घाण झालेला तळ यांच्याकडे वळावे. दोन ते सहा आठवड्यांनी मेलेल्या माशाचे पोट खपाटीला गेलेले असते आणि डोके अंगापेक्षा मोठे वाटू लागते. तेथे उपासमार किंवा पोटातले जंत हे संशयित असतात.

दोन गोष्टी मात्र लक्षणे नव्हेत. कोरी अधूनमधून झपकन वर येते, पृष्ठभागावर हवेचा घोट घेते आणि परत खाली जाते, कारण ती आतड्याच्या मागच्या भागातूनही प्राणवायू शोषते आणि हे तिचे नेहमीचे वागणे आहे. तासात चार-पाच वेळा ती वर आली तर काळजी नको. दर मिनिटाला येऊ लागली तर लगेच कामाला लागावे. दुसरे म्हणजे, क्लाउन लोच झोपताना चक्क कुशीवर लवंडतो. एका घरी मेला म्हणून मगमध्ये काढून ठेवलेला असा मासा मी स्वतः परत पाण्यात सोडला आहे.

मासा धापा टाकत असेल आणि खालचे सगळे वाचायला सवड नसेल, तर एवढे करावे : एअर पंप पूर्ण जोरात सुरू करावा, दिवा बंद करावा, खाणे थांबवावे, आणि टँकमधले पाव ते तृतीयांश पाणी त्याच तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदलावे. कोणतेही औषध टाकू नये. टँकमध्ये हात घालण्याआधी हीटर आणि फिल्टर यांचे प्लग काढावेत, ही सवय मासे आजारी नसतानाही असू द्यावी.

पहिली तपासणी : गेल्या दोन दिवसांची हकीकत

या तपासणीला एक पैसाही लागत नाही आणि तरी तीच सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. घरातल्या प्रत्येकाला विचारावे की गेल्या दोन दिवसांत पाणी कोणी बदलले, कोणते पाणी घातले, फिल्टर कोणी धुतला, वीज किती वेळ गेली होती, दुकानातून मिळालेले निळे औषध किंवा मीठ कोणी टाकले, आणि खोलीत झुरळांचे किंवा डासांचे काही फवारले का.

डासांचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. प्लगला लावायच्या लिक्विडमध्ये आणि बहुतेक फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशके असतात. माणसाला त्यांचा फारसा त्रास होत नसला तरी माशांना ती अत्यंत विषारी असतात. एअर पंप खोलीतली हवा ओढून बारीक बुडबुड्यांच्या रूपात थेट पाण्यात सोडतो, म्हणजे लिक्विडचे मशीन आणि पंप एकाच बोर्डावर शेजारीशेजारी असतील तर आपण ते औषध रात्रभर पाण्यात मिसळतो आहोत असेच समजावे. पावसाळ्यात महापालिकेची धुरळणीची गाडी गल्लीत येते तेव्हाही तेच घडते. खिडक्या लावून घ्याव्यात, टँक झाकावा, धूर विरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे पंप बंद ठेवावा आणि मग तो आठवणीने पुन्हा सुरू करावा. घरात रंगकाम किंवा पॉलिश चालू असेल तर नवा मासा आणण्याचा बेतच पुढे ढकलावा.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाने मला वर बोलावले. सहा ब्राँझ कोरींपैकी चार एका रात्रीत गेल्या होत्या आणि उरलेल्या दोघी फिल्टरच्या पाण्याची धार पडते तिथे तोंड वर करून होत्या. "काका, पाणी तर मी दर वेळी असेच भरतो," असे तो पुनःपुन्हा सांगत होता, आणि ते खरेच होते. टँकमध्ये मला काही सापडले नाही. परत निघालो तेव्हा लिफ्टशेजारच्या फलकावर नजर गेली. गच्चीवरची टाकी दोन दिवसांपूर्वी धुण्यात आल्याची सूचना तिथे लावलेली होती. टाकी ब्लिचिंग पावडरने धुतली होती आणि मुलाने नेहमीप्रमाणे थेट नळाखाली बादली लावून अर्धा टँक भरला होता. पाणी तेच होते, क्लोरीन मात्र नेहमीचे नव्हते.

दुसरी तपासणी : हवा आणि तापमान

थर्मामीटर ही या छंदातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो : २५ अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.६ च्या आसपास. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, पण त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते आणि तळातली कुजणारी घाणही तोच प्राणवायू ओढत असते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पृष्ठभागाजवळचा गप्पी मजेत असतो आणि खाली कोरी धापा टाकते.

जातीनुसारही फरक पडतो. आपल्याकडे ठिपक्यांची म्हणून विकली जाणारी पेपर्ड कोरी दक्षिण अमेरिकेच्या ला प्लाटा खोऱ्याकडच्या थंड पाण्यातली आहे. बीगल जहाजाच्या सफरीत डार्विनने गोळा केलेल्या नमुन्यांवरून १८४२ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले. ती १८ ते २३ अंशांत सुखी असते. मुंबईच्या उन्हाळ्यात ३१-३२ अंशांच्या पाण्यात ती टिकत नाही, यात दोष तिचा नाही. स्टर्बाई कोरी थोडी उबदार बाजू सोसते, ब्राँझ आणि अल्बिनो मधल्या आहेत. डिस्कसच्या टँकमध्ये हीटर २९-३० वर लावून "तळ साफ करायला" पेपर्ड कोरी सोडणारे लोक मी पाहिले आहेत.

उपाय सोपे आहेत. पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवावा, त्यावर तेलकट साय आली असेल तर कागदाने टिपून काढावी, झाकण आणि पाणी यांत दोन-तीन बोटे मोकळी जागा ठेवावी, कारण हवा गिळायला आलेल्या माशाला तेथे हवा मिळाली पाहिजे. उन्हाळ्यात झाकणाऐवजी जाळी बसवून वरून लहान पंखा लावला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फ टाकू नये.

तिसरी तपासणी : पिशवी आणि घरापर्यंतचा प्रवास

आपल्या हातातला मासा बहुधा कोलकात्याकडच्या किंवा चेन्नईच्या कोळत्तूर भागातल्या व्यापाऱ्यांकडून निघालेला असतो, मग मुंबईत कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात उतरतो, तेथून पुण्या-नाशिकच्या दुकानात जातो आणि शेवटी आपल्या घरी येतो. दोन आठवड्यांत तीन-चार वेळा पाणी बदलते आणि या काळात त्याला धड खायलाही मिळत नाही. म्हणून दुकानात कालच आलेला माल घेऊ नये. मासा निवडून पैसे द्यावेत आणि आठवड्याने न्यायला यावे. बहुतेक दुकानदार याला तयार होतात. जे तयार होत नाहीत, त्यांना त्या आठवड्यात काय होणार हे ठाऊक असते.

पिशवीत काय घडते ते समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण चांगल्या हेतूने केलेली एक चूक येथे मासा मारते. बंद पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाण्याचा सामू उतरतो. त्याच पाण्यात अमोनियाही साचत असतो, पण सामू कमी असल्यामुळे तो बहुतांशी अमोनियमच्या कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि अमोनियम पुन्हा विषारी अमोनियात बदलू लागतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी शेकडा अर्ध्या टक्क्याच्या जवळपास विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून लांबचा प्रवास करून आलेली पिशवी उघडून त्यात दोन-दोन तास थेंबथेंब पाणी सोडत बसणे हे लाड नव्हेत. प्रवास तास-दीड तासाचा असेल तर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टँकमध्ये तरंगू द्यावी, मग अर्ध्या तासात चार-पाच वेळा थोडे टँकचे पाणी घालावे आणि मासा सोडावा. प्रवास आठ-दहा तासांचा असेल तर बंद पिशवीतच तापमान जुळू द्यावे आणि उघडल्याबरोबर मासा स्वच्छ, मुरलेल्या (फिल्टर काही आठवडे चाललेल्या) पाण्यात हलवावा. दोन्ही वेळा पिशवीतले पाणी टँकमध्ये जाता कामा नये.

कोरीची आणखी एक खोड आहे. तिच्या छातीच्या परांशी असलेल्या ग्रंथींतून ती घाबरल्यावर विषारी स्राव सोडते. एरवी तो मोठ्या माशाला दूर ठेवतो; पण पिशवीतल्या ओंजळभर पाण्यात सहा जणी कोंबल्या की त्या आपल्याच विषात सापडतात. असे पाणी दुधाळ दिसते आणि हलवले की त्यावर साबणासारखा फेस धरतो, जो फुटता फुटत नाही. घरी येताना पिशवी असा फेस दाखवू लागली तर वाट न पाहता मासे काढून घ्यावेत. दुकानातच दोन-तीन मासे एका पिशवीत आणि भरपूर पाण्यात द्यायला सांगावे, पिशवी कागदात किंवा काळ्या कापडात गुंडाळावी आणि दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. मे महिन्यात ती डिकी म्हणजे भट्टी असते.

कोरी आणि सकर जाळीने पकडू नयेत. त्यांचे परांचे काटे अडसरासारखे ताठ उभे राहतात, जाळीच्या धाग्यांत गुंततात, आणि ओढाताणीत पर मुळापासून फाटतो. प्लॅस्टिकचा मग किंवा डबा वापरावा.

चौथी तपासणी : क्लोरीन

गावच्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडे पिण्याच्या पाण्याची ओटी टेस्ट असते, तीच येथे चालते : पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो आणि क्लोरीन जितके जास्त तितका तो गडद होतो. टँकसाठीच्या पाण्यात रंग अजिबात यायला नको. क्लोरीन कल्ल्यांचा पडदा जाळतो. मासा भरपूर प्राणवायूच्या पाण्यात गुदमरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ येऊ लागले की नळाच्या पाण्यातला डोस वाढतो, हे लक्षात ठेवावे.

पाणी उघड्या बादलीत एअर स्टोन लावून चोवीस तास ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, बादलीतच आधी घालावे. पाण्यात क्लोरामाइन असेल तर नुसते ठेवून ते जात नाही, आणि थायोसल्फेट वापरले तरी मागे अमोनिया उरतो. तेथे अमोनियाही बांधून ठेवणारे कंडिशनर लागते. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण ते ताजे वर आलेले असताना त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, म्हणून त्यालाही एक रात्र हवा द्यावीच.

पाचवी तपासणी : अमोनिया आणि नायट्राइट

येथून पुढे थोडा खर्च आहे. थेंबांची टेस्ट किट घ्यावी. पट्ट्यांवर माझा विश्वास कमी आहे, विशेषतः आपल्या दमट हवेत उघडझाप झालेल्या डबीतल्या पट्ट्यांवर. मुरलेल्या टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. "थोडासा आहे" हे उत्तर चालत नाही.

फिल्टरच्या स्पंजात आणि खडीत वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टँक, मासे आणि खडी एकाच दिवशी घेतली असतील तर तपासणी येथेच संपली असे समजायला हरकत नाही. पण जुन्या टँकमध्येही ही वस्ती मोडते. स्पंज नळाखाली खसाखसा धुतला की क्लोरीन तिला मारते. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळणे पुरेसे असते. वीज पाच-सहा तास गेली तर बंद डब्यासारख्या कॅनिस्टर फिल्टरमधले पाणी कुजू लागते, आणि वीज आल्याबरोबर ते सगळे टँकमध्ये फेकले जाते. अशा वेळी झाकण उघडून नाकाने तपासावे. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ते पाणी मोरीत ओतून मगच फिल्टर सुरू करावा.

दोन फुटी टँकमध्ये आधीच दहा-बारा मासे असताना एकदम सहा कोरी सोडल्या तरी जिवाणू कमी पडतात. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट म्हणजे काठोकाठ ५६ लिटर. खडी आणि वरची रिकामी जागा वजा केली की पंचेचाळीसच्या आसपास उरतात. हा हिशेब पुढे औषधाच्या वेळीही कामी येतो, कारण पुष्कळ लोक "साठ लिटरचा टँक" समजून डोस देतात.

अमोनिया किंवा नायट्राइट आढळला तर दररोज पाव ते तृतीयांश पाणी बदलावे आणि खाणे दोन-तीन दिवस बंद ठेवावे. धडधाकट कोरीला तेवढ्या उपासाने काही होत नाही. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, त्यामुळे कल्ले तपकिरी दिसू लागतात. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही, म्हणून दहा लिटरला एक ग्रॅम एवढे थोडे मीठ येथे खरोखर उपयोगी पडते. मात्र ते आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवावे. खडे मीठ मुठीने टाकण्याची पद्धत वरच्या माशांना चालून जाते; खडे तळाशी बसतात आणि त्यांच्याभोवतीच्या तीव्र खारट पाण्यात कोरी पोट टेकून बसलेली असते.

सहावी तपासणी : सामू आणि जडपणा

दुकानातल्या पाण्याचा आणि आपल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, एकदा मोजून पाहावा. दुकानात १५०, आपल्या बोअरला किंवा टँकरला ९००, असे प्रकार पुण्याच्या उपनगरांत सर्रास दिसतात. उलट काही जण नुसते आरओचे पाणी भरतात. त्यात सामू धरून ठेवणारे क्षार जवळजवळ नसल्यामुळे काही आठवड्यांत सामू घसरतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मंदावतात. जुन्या, क्वचितच पाणी बदललेल्या टँकमध्येही तसेच होते. वर म्हटलेले "सरावलेले" मासे अशाच पाण्यात दिवस काढत असतात. आकडा अमुकच हवा असा आग्रह नको, तो स्थिर हवा. फरक मोठा असेल तर नवे मासे वेगळ्या टबमध्ये दुकानासारख्या पाण्यात ठेवून आठवडाभरात हळूहळू आपल्या पाण्यावर आणावेत.

सातवी तपासणी : तळ

रंगीत, टोकदार खडी काढून टाकावी. कोरी वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून सोडते. खडीत तिला हे करता येत नाही, त्यात तळ घाण असेल तर मिशा झिजतात आणि त्या जखमांतून जिवाणू शिरतात. सायफनची नळी खडीत खुपसून पाहावी. तपकिरी ढग उठला तर तळ किती दिवस साफ झाला नाही ते कळते. काळे पट्टे आणि सडका वास आला तर तेथे हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असतो. असा तळ एका दिवसात ढवळून काढू नये. मासे बादलीत हलवून, दर आठवड्याला एक चतुर्थांश भाग, अशा बेताने साफ करावा.

आठवी तपासणी : खाणे

"घाण खाणारा मासा" हे नाव ज्याने रूढ केले त्याने या माशांचे फार नुकसान केले आहे. कोणताही तळमासा विष्ठा खाऊन जगत नाही, आणि वरच्यांनी टाकलेल्या उष्ट्यावर त्याचे भागत नाही. दिवा बंद झाल्यावर तळाशी बुडणारी गोळी टाकावी आणि अर्ध्या तासाने टॉर्च लावून पाहावे की ती नेमकी कोण खातो आहे. ओटोसिंक्लस हा शेवाळ खाणारा छोटा मासा बहुधा नैसर्गिक पाण्यातून पकडून आणलेला आणि उपाशी असतो. विकत घेताना तो काचेला चिकटला की पोट बघावे, खपाटीला असेल तर घेऊ नये, आणि शेवाळ धरलेल्या जुन्या टँकशिवाय तर घेऊच नये. उकडलेली दुधी किंवा काकडीची चकती तो दोन-तीन दिवसांनी शिकतो.

नववी तपासणी : रोग

पांढरे ठिपके लोचवर सर्वांत आधी दिसतात. त्यांवरच्या औषधांत पुष्कळदा मॅलकाइट ग्रीन, फॉर्मालिन किंवा तांबे असते आणि बारीक खवल्यांचे लोच तसेच कोरी त्यांना लवकर बळी पडतात, म्हणून टँकमधले खरे पाणी मोजून निम्म्या डोसाने सुरुवात करावी. औषध फक्त पाण्यात सुटलेल्या पिल्लावस्थेतल्या परजीवीला मारते, त्वचेत रुतलेल्याला नाही. त्यामुळे ठिपके गेले म्हणून दुसऱ्याच दिवशी उपचार थांबवणे चूक ठरते. गोगलगायी मारायचे औषध या माशांच्या टँकमध्ये वापरू नये.

नव्या माशासाठी वीस-तीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब आणि मोठ्या टँकमध्ये महिनाभर आधीच चालवून मुरवलेला स्पंज फिल्टर, एवढ्यात चार आठवड्यांचे विलगीकरण होते. सोसायटीतल्या त्या मुलाने आता गॅलरीत असाच टब मांडला आहे, आणि त्यावर झाकण आहे, कारण लोच उडी मारतो.

कुठे थांबावे

पाण्याला हात लावताच मुंग्या किंवा झटका जाणवला, तर वरची एकही तपासणी करू नये. मेन स्विच बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. फुटलेला हीटर स्वतः काढण्याचा प्रयत्न करू नये.

काही तासांत वेगवेगळ्या जातींचे मासे एकदम मरू लागले, किंवा वरच्या सगळ्या तपासण्या नीट येऊनही तिसरा मासा गेला, तर औषधे बदलून पाहणे थांबवावे. फुगलेले पोट, उभारलेली खवले, पसरत जाणाऱ्या जखमा आणि जंत यांवर घरी अँटिबायोटिक विरघळवू नये. अशा वेळी माशांचे काम करणारा पशुवैद्य गाठावा. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. रत्नागिरीला शिरगाव येथे आणि नागपूर व उदगीर येथे मत्स्य महाविद्यालये आहेत, तेथे माशांचे रोग शिकवणारे लोक असतात. जाण्याआधी फोन करून नमुना कसा आणायचा ते विचारावे. मरू घातलेला जिवंत मासा निदानाला सर्वांत उपयोगी. मेलेला असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फावर न्यावा, फ्रीजरमध्ये गोठवू नये, आणि पाण्यात तरंगत रात्रभर राहिलेला मासा नेऊन उपयोग नाही. टँकचे एक लिटर पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत द्यावे.

हाताला काटा लागलेल्या किंवा खरचटलेल्या जागी काही आठवड्यांनी न दुखणारी, न बरी होणारी गाठ आली, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि घरात मासे आहेत हे आपणहून सांगावे. माशांमधला एक मायकोबॅक्टेरियम माणसाच्या त्वचेत शिरतो आणि हे सांगितले नाही तर निदान लांबते.

आणि या सगळ्यात कंटाळून उरलेला सकर तलावात किंवा नदीत सोडू नये. तो तेथे मरत नाही. तो फूटभराच्या वर वाढतो, काठ पोखरून अंडी घालतो आणि जाळ्यात आला की काट्यांनी जाळे फाडतो. दुकानात परत द्यावा, किंवा मोठा टँक असलेल्या कोणाला तरी द्यावा.